चांगलं वेगळं, आवडतं वेगळं

आमचे घरमालक स्वतःच्या मोटारीची निंदा ऐकवल्याशिवाय कोणालाही तिच्यात बसू देत नसत. दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, "बसा. पण आधीच सांगून ठेवतो, गाडी वाईट हाये. ब्रेक उशिरा लागते, चढावर दुसरा गेर सुटते, अन् पेट्रोल अशी पिते जशी उन्हाळ्यातली म्हैस पाणी." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. डॉक्टर जसा रोग्याचं वजन सांगतो तसं ते सांगायचे. पाहुणा एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून विचारायचा की मग विकून का टाकत नाही. ते म्हणायचे, "काऊन विकू? मले आवडते."

ती जुनी, गोल पाठीची, मळक्या निळ्या रंगाची गाडी होती. तिच्या शेजारीच पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी, छोटी पांढरी गाडी असायची, नव्या जमान्याची. ती चांगली होती. तेच सांगायचे, ही चांगली. घाईचं काम असलं, कोणी आजारी असलं की ते तीच काढायचे. बाकी सगळीकडे निळी. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बरीच वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्या वर्षांत त्यांचं काय कळलं असं कोणी विचारलं, तर मला नीट उत्तर देता येणार नाही.

त्यांची पहिली आठवण बाबांच्या तोंडून ऐकलेली आहे. बाबा तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून, होते. आमचं मूळ गाव तामसीकडचं. आजोबा लोकांच्या शेतात राबले, बाबा शिकले आणि आदिलाबादला आले. खोली बघायला गेलं की बाबा आधीच सांगून टाकत, आम्ही बौद्ध आहोत. मग समोरचा काय बोलतो ते शांतपणे ऐकत. सरळ नाही कोणीच म्हणत नसे. कोणाच्या घरी अचानक पुतण्या राहायला येणार असे, कोणाच्या छताचं काम निघणार असे. गावाला लागून असलेल्या मावला वस्तीतल्या या घरी बाबांनी तसंच सांगितलं, आणि काका म्हणाले, "खोल्या वाईट हायेत पेशकारसाहेब. पश्चिमेचं ऊन सरळ आत येते. नळाले पाणी सकाळीच, थेही सुतासारखं. भिंत ओल धरते." बाबा समजले. हा पुतण्याच आहे, फक्त वेगळ्या कपड्यात. ते नमस्कार करून उठले आणि फाटकापर्यंत गेले. तेव्हा काकू मागून धावत आल्या. "अवो भाऊ, चालले कुठं? थे खोल्या देऊन राह्यले ना तुमाले. त्यांचं असंच राह्यते."

बाबा परत गेले. काका तिथेच उभे होते, हा माणूस का निघाला हे त्यांना समजलंच नव्हतं. पुढे कित्येकदा बाबा ही गोष्ट हसत सांगत, आणि शेवटी हसू अर्धवट सोडून म्हणत, पण बघ, मला अजून वाटतं, ते तेव्हा थोडं नाहीही म्हणून बघत असतील का? मग स्वतःच मान हलवत. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी काकांनी स्वतः ड्रिल आणून बुद्धाच्या तसबिरीसाठी भिंतीला भोक पाडून दिलं आणि सांगितलं की भिंत वाईट आहे, फार जड तसबीर लावू नका.

ते विजेच्या खात्यात इंजिनिअर होते. मी त्यांना पाहिलं तेव्हा निवृत्त झालेले होते. अंगात बनियन, खाली इस्त्रीची पँट, आणि कानामागे पेनऐवजी एक छोटा स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या बोलण्यात चांगलं आणि आवडतं हे दोन वेगळे खाने होते आणि एका खान्यातली वस्तू ते दुसऱ्यात जाऊ देत नसत. जेवताना काकू विचारायच्या, वरण चांगलं झालं का. ते म्हणायचे, चांगलं झालं. आवडलं का? नाही. एखाद्या दिवशी भाकरी करपायची, तर ते म्हणायचे, वाईट झाली, आणखी एक दे. नवी सून असती तर माहेरी निघून गेली असती. काकू म्हणायच्या, "यांच्या घरात एक गोष्ट दोनदा विचारा लागते बाई."

बैठकीच्या खोलीतही हे दोन खाने मांडलेले होते. एका भिंतीला त्यांनी स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर, रेडिओचा ट्यूनर, सुई लाल पट्ट्यात गेली की आवाज वाईट ठरवणारे दोन मीटर, कॅसेट डेक आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर. स्पीकर कुठे ठेवायचे त्याच्या जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. समोर एकच खुर्ची आणि तिच्या चार पायांच्याही चार खुणा. आवाज नीट ऐकू येतो तो त्या खुर्चीतच, बाकीचे अर्धं ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. काकू झाडू मारताना खुणांच्या भोवतीनं मारायच्या, देवासमोरची रांगोळी सांभाळावी तशा. हे सगळं चांगलं होतं. आलेल्या माणसाला ते चांगलंच ऐकवत.

दुसऱ्या कोपऱ्यात खाली जमिनीवर एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावल्यावर तापायला वेळ घ्यायचा, मग धूळ भाजल्याचा वास यायचा, मग घूं असा आवाज, आणि त्या घूंच्या आतून कोणीतरी गायचं. गाणारी बाई कोणीही असो, तिला सर्दी झालेली असायची. दिवेलागणीला काका त्या रेडिओला पाठ टेकून जमिनीवर बसत आणि डोळे मिटत. "अवो, हे रेडू गाऊन राह्यलं का कण्हून राह्यलं?" काकू विचारायच्या. ते डोळे न उघडता म्हणायचे, "कण्हून राह्यलं."

मला वाटायचं, त्या रेडिओमागे काहीतरी असेल. वडिलांची आठवण असेल, लहानपण असेल. माझ्या इंग्रजी शाळेतल्या पुस्तकांत अशा वस्तूंमागे नेहमी काहीतरी असायचं. एकदा धीर करून मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कसलं काय, खात्याच्या लिलावात भंगारात घेतला, आणि घेतला तेव्हाही असाच घुमायचा. निळ्या गाडीचंही तेच. कोणा एका अधिकाऱ्याची जुनी, तीही वाईट म्हणूनच विकायला निघालेली. कारण असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

आमच्या भागात एक रीत पडून गेली होती. लग्नात नवऱ्या मुलाला टेपरेकॉर्डर द्यायचा, आणि तो आधी काकांकडून पास करून घ्यायचा. लग्नसराईत ओसरीवर खोक्यांची रांग लागायची. एका बाजूनं मुलीकडचे, एका बाजूनं मुलाकडचे, मधे काकूंचं नऊवारी लुगडं तारेवर पडद्यासारखं टाकलेलं. पडद्यामागे काका. कोणता डबा वाजतो आहे ते कोणाला दिसायचं नाही. "डोळ्यानं ऐकू नका," ते आतून ओरडायचे. आणि गाणं कधीच लावायचे नाहीत. त्यांच्याकडे स्वतः भरलेली एक कॅसेट होती, तिच्यात काकू सुपात ज्वारी पाखडत होत्या. तेवढंच. "गाणं गोड असलं का फुटका डब्बाही गोड वाटते. ज्वारी पाखडल्याचा आवाज समद्यांच्या कानात हाये. थो जसाचा तसा आला, तर डब्बा पास." आणि खरंच, चमकणारे, दिवे लागणारे डबे त्या ज्वारीत नापास व्हायचे. सुपातून वाळू पडते आहे असं वाटायचं. मुलाकडच्यांची तोंडं उतरायची, कारण त्यांना दिव्यांचाच हवा असायचा. काका म्हणायचे, आवडत असला तर घ्या ना, मी कुठं नाही म्हणतो, फक्त चांगला म्हणू नका.

एका कापसाच्या व्यापाऱ्याची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याला जुनी मोटार घ्यायची होती, अगदी काकांच्या निळ्या गाडीसारखीच. काकांनी त्याला बसवून तिचे सगळे दोष सांगितले. व्यापारी हसत राहिला. "साब, आप खुद तो वही गाडी चलाते हो." काका म्हणाले, "मैं तो बीडी भी पीता हूँ, सेठ. आपको पिलाऊँ क्या?" व्यापाऱ्याला वाटलं, हा माणूस ती स्वतःच घ्यायला बघतो, किंवा अशी गाडी दुसऱ्याकडे असू नये असं याला वाटतं. त्यानं ती घेतलीच. पहिल्याच महिन्यात ती इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर चढावात उभी राहिली. निरोप आला तसे काका पांढरी गाडी आणि दोरखंड घेऊन गेले आणि ओढत घेऊन आले. व्यापारी उतरून काही बोलणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पसंद आई?" तो म्हणाला, नाही आली. "फिर काहे को ली? अच्छी तो वो थी ही नहीं." व्यापारी बिचारा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही समजावून सांगेन. मी आत निघून गेले.

आता माझं. मी बी.ए. झाले तेव्हा घरात एकच विषय होता. बाबांच्या कचेरीत एक हंगामी जागा निघणार होती. खिडकीवर बसून लोकांच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, घ्यायच्या. बाबांनी शब्द टाकून ठेवला होता. मला त्या खिडकीची स्वप्नं पडायची. मी अशी मुलगी होते की दुकानात वाणी दुसऱ्याशी बोलत असला तर न घेताच परत येई. दिवसभर एकामागून एक चेहरा खिडकीतून आत बघणार, मोठ्यानं बोला म्हणणार, या विचारानंच मी रात्री उठून बसायचे. आणि त्याच सुमाराला कळलं की गावातल्या रेडिओ केंद्रावर आठवड्यातून एकदा अर्धा तास मराठी कार्यक्रम सुरू होतो आहे, त्यासाठी निवेदिका हवी आहे, आवाजाची परीक्षा होणार आहे. एक बंद खोली, एक माईक, आणि कोणी बघणारं नाही. मला बोलायचं नव्हतं असं नाही. बोलताना कोणी बघू नये, एवढंच हवं होतं. इतकं हवंसं मला पूर्वी काही वाटलं नव्हतं. रेडिओ नाही तर खिडकी, असा तो हिशेब होता.

अडचण मराठीची होती. आदिलाबाद तेलुगू राज्यातलं, म्हणून शाळेत इंग्रजी आणि तेलुगू. मराठी फक्त घरची, म्हणजे आमी-तुमीची. मी नागपूरच्या रेडिओवरच्या बाईंचं ऐकून ऐकून स्वच्छ मराठी शिकले होते, दार लावून, उशीत तोंड घालून. हे मी फक्त काकूंना सांगितलं. काकूंनी अर्थातच काकांना सांगितलं, आणि त्यांनी मला बैठकीत बोलावून माईकसमोर बसवलं.

मी वर्तमानपत्रातली कापूस खरेदीची बातमी वाचली. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, फक्त मीटरच्या सुयांकडे पाहिलं, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. वाचून झाल्यावर म्हणाले, वायर नीट करतो, बस जराशी. काकू तिथेच ज्वारी निवडत होत्या. मीही खडे वेचायला लागले आणि तामसीच्या बसमध्ये घडलेली एका म्हातारीची गोष्ट त्यांना सांगितली. आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बाबांना बोलावलं. आई तेव्हा मामाकडे गेली होती. लुगड्याचा पडदा लागला. बाबा, काकू आणि मी इकडे, काका तिकडे. पहिली टेप लागली. कापूस खरेदीची बातमी. बाबांनी मान डोलावली आणि हळूच मला म्हणाले, "नागपूरच्या बाई हायेत ना या? पाह्य कशा साफ बोलतात. असं शिका लागते."

काकूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. बाबांना खरंच समजलं नव्हतं. तेवढ्यात दुसरी टेप लागली. "मंग कंडक्टर म्हणे, शेळीचं अर्धं तिकीट लागते. बुढी म्हणे, घे बापा, पण मंग तिले अर्धी शीट दे." पहिल्या दोन वाक्यांतच बाबा खळखळून हसले, आणि मग माझ्याकडे बघून एकदम थांबले. पहिली बाई कोण होती ते आता त्यांना समजलं होतं.

आदल्या दिवशी काकूंशी बोलताना टेप चालू आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काका पडदा बाजूला करून आले आणि म्हणाले, "पह्यला आवाज चांगला हाये. दुसरा मले आवडते. परीक्षेले पह्यला ने."

मी उठून गेले. तीन-चार दिवस त्यांच्यासमोर आले नाही. मग एका सकाळी आमच्या खिडकीत ती दुसरी कॅसेट ठेवलेली सापडली. काकूंनी निरोप सांगितला की टेप तुझी आहे, ठेव नाही तर तोड, त्यांनी दुसरी प्रत काढलेली नाही. मी ती तोडली नाही आणि पुन्हा ऐकलीही नाही. पण त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना. ती शाबासकी होती का? काका वाईट वस्तूवर प्रेम करतात हे सगळ्यांना माहीत होतं. मग मी खरी कशी बोलते ते निळ्या गाडीच्या शेजारी उभं राहिलं होतं, त्याचा मी आनंद मानायचा की काय? काकूंना विचारलं तर त्या पदरात तोंड लपवून हसल्या. "मले काय विचारतं बाई? माही जागा कोणत्या खान्यात हाये हेच मले अजून समजलं नाही."

परीक्षेला काकांनीच नेलं. घाईचं काम असूनही निळीत. बसताना मला सगळे दोष पुन्हा ऐकवले. केंद्रावर पोचल्यावर कळलं की बंद खोलीला मोठी काच असते आणि काचेपलीकडून तीन माणसं बघत असतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कागद चेहऱ्यासमोर धरला आणि नागपूरच्या बाईंसारखं वाचलं. कुठेही अडखळले नाही. त्या बाईंच्या आवाजात माझे हातसुद्धा थरथरत नव्हते. त्यांनी मला निवडलं. खिडकीवरची जागा दुसऱ्या कोणाला गेली. बाबांनी कचेरीत पेढे वाटले.

पहिला कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागला. मला ऐकवेना, मी गच्चीवर जाऊन बसले. सोमवारी सकाळपासून रस्त्यात लोक थांबवून सांगत होते. एक शेजारीण म्हणाली, आदिलाबादची पोरगी वाटलीच नाही. तिला हे कौतुक वाटत होतं, आणि मलाही तेव्हा ते कौतुकच वाटलं.

मी बैठकीत गेले. काका वायर गुंडाळत होते. "चांगलं झालं," मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "सुई कुठंच उडाली नाही. असं कोणाचं नाही राह्यत."

मी कधी कोणाला असलं काही विचारलेलं नव्हतं. पण विचारलं. "अन् आवडलं का, काका?"

त्यांचं दुसरं उत्तर नेहमी पहिल्याच्या पाठोपाठ यायचं, तयार असल्यासारखं. या वेळी आलं नाही. त्यांनी गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडली.

"मी खुर्चीत बसलो होतो," ते शेवटी म्हणाले. "तू आता येशील, मंग येशील, म्हणून वाट पाह्यत होतो. मंग कार्यक्रम संपला."

मला राग आला की रडू, ते आज सांगता येत नाही. मी म्हटलं, "तुमीच सांगतलं होतं ना, पह्यला आवाज ने म्हणून."

"मीच सांगतलं. बराबर सांगतलं. दुसरा नेला असता तर घेतलं नसतं त्यांनी तुले." मग ते एकदम उठले. "थांब." त्यांनी माईक माझ्यासमोर ठेवला, डेकमध्ये कोरी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. या वेळी मला दिसेल असं. "बोल."

"कोणत्या आवाजात?"

ते माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढला, हातात फिरवला, पुन्हा ठेवला.

"थेच मले समजून नाही राह्यलं," ते म्हणाले.

टेप फिरत होती. सुया आपल्या जागी पडून होत्या. मग स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अवो, पोरीले चहा तं पिऊ द्या, मंग काय थो गोंधळ घाला." सुया एकदम लाल पट्ट्यात गेल्या. काका दचकून सुयांकडे बघत राहिले, आणि टेप बंद करायची राहून गेली.